दीड तासाचा प्रवास, तीन किलोमीटरची चढण

सुट्ट्या जवळ आल्या की लेह-लडाखच्या सहलीची चौकशी करणारे ज्येष्ठ दवाखान्यात येऊ लागतात. ‘डॉक्टर, दिल्लीहून दीड तासाचे तर विमान, झेपेल ना?’ हा प्रश्न ठरलेला असतो. विमानप्रवास बहुधा झेपतो. कसोटी असते ती उतरल्यानंतरची.

दिल्ली ते लेह हे हवाई अंतर सुमारे ६२० किलोमीटर. विमानास सव्वा ते दीड तास पुरतो. परंतु दिल्लीचा विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे २४० मीटर उंचीवर आहे, तर लेहचा सुमारे ३,२५० मीटरवर. म्हणजे आसनावर बसल्याबसल्या आपण तीन किलोमीटर वर चढून जातो. लेहला हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे दोन-तृतीयांश असतो. प्रत्येक श्वासातून मिळणारा प्राणवायूही त्याच प्रमाणात घटतो. शरीर याच्याशी जुळवून घेते, पण त्यास घड्याळाचे तास नव्हे, दिवस लागतात.

माझ्या सत्तरीतील एका रुग्णाने पहिल्या रात्रीची डोकेदुखी आणि मळमळ घरच्यांपासून लपवली. नातवंडांचा हिरमोड होऊ नये, एवढाच हेतू. दुसऱ्या दिवशी ते सर्वांबरोबर पाच हजार मीटरहून उंच असलेल्या खारदुंग-लाकडे निघाले. वाटेत बसल्या जागी धाप लागली आणि त्यांना प्राणवायू देत तातडीने खाली आणावे लागले. वेळेवर हालचाल झाली म्हणून ते बचावले.

म्हणून सांगतो, लेहला उतरल्यावर पहिले दोन दिवस केवळ विश्रांतीचे समजा. पाणी व हलका आहार घ्या. मद्य आणि झोपेच्या गोळ्या टाळा. डोकेदुखी, मळमळ, चक्कर किंवा विलक्षण थकवा जाणवल्यास सोबत्यांना लगेच सांगा आणि बरे वाटेपर्यंत आणखी वर जाऊ नका. विश्रांतीतही धाप लागणे, तोल जाणे, बोलण्यात असंबद्धता येणे ही धोक्याची चिन्हे होत. अशा वेळी सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

हृदयविकार, दमा किंवा फुप्फुसांचा जुना आजार असल्यास तिकीट काढण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना भेटा. उंचीचा त्रास टाळणारी गोळी असते; परंतु ती सर्वांना चालत नाही, शेजाऱ्याच्या सल्ल्याने घेऊ नये. नेहमीची औषधे हातातील पिशवीतच ठेवा. हवामान बिघडले की लेहची विमाने रद्द होतात, तेव्हा आठवडाभराची औषधे जादा असू द्यावीत.

सोबत जाणाऱ्या मुला-सुनांनो, आई-बाबा ‘काही होत नाही’ म्हणाले तरी सकाळ-संध्याकाळ त्यांची आवर्जून विचारपूस करा. आणि ज्येष्ठांनो, खरे सांगण्यात संकोच मानू नका. एक दिवस खोलीत राहिल्याने सहल बिघडत नाही. लपवलेल्या दुखण्याने मात्र बिघडते.