‘काही नाही, जरा ठणकतंय’

पायाच्या शस्त्रक्रियेनंतर आजी घरी येऊन आठवडा झालेला असतो. रात्री दोनच्या सुमारास पाय ठणकू लागतो. शेजारच्या खोलीत दिवसभर शिवारात राबलेला मुलगा झोपलेला असतो; सूनबाईंना पहाटे उठून धारा काढायच्या असतात. त्यांची झोप कशाला मोडायची, या विचाराने आजी उशीचे टोक मुठीत धरून उजाडेपर्यंत पडून राहतात. सकाळी कोणी विचारले, तर उत्तर ठरलेले असते, ‘काही नाही, जरा ठणकतंय.’ दहा वाजता व्यायाम शिकविणारे फिजिओथेरपिस्ट येतात, तेव्हा आजी पायाला हातही लावू देत नाहीत. घरच्यांना वाटते, आजी हट्टी झाल्या.

वाचकहो, साताऱ्यापासून सांगलीपर्यंत कृष्णाकाठच्या अनेक घरांत हे दृश्य आपण पाहिले असेल. सोसणे हा आपल्याकडे गुण मानला जातो. दुष्काळ, महापूर आणि प्रपंचातील अडचणी ज्यांनी निमूटपणे सोसल्या, त्यांना पायाच्या दुखण्यासाठी हाक मारणे कमीपणाचे वाटते. परंतु शस्त्रक्रियेनंतर हाच गुण घात करू शकतो. पाय दुखतो म्हणून हालचाल थांबते. हालचाल थांबली की स्नायू क्षीण होतात, छातीत कफ साठतो, पाठीला शय्याव्रण होऊ शकतो आणि पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. झोप न मिळाल्याने वृद्ध व्यक्तीला भ्रमही होतो. म्हणून वेदना आटोक्यात ठेवणे हा रुग्णाचा लाड समजू नये; तो उपचाराचाच भाग आहे.

शस्त्रक्रियेच्या सोयीबाबत आपला परिसर भाग्यवान म्हणावा लागेल. मिरजेत डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये मिशनचे रुग्णालय उभारले. १९६२ मध्ये तेथेच शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. कऱ्हाड, सातारा आणि सांगली येथेही आज अस्थिरोगतज्ज्ञ आहेत. त्यामुळे माण-खटावचा रुग्ण असो वा जत-आटपाडीचा, पायात ‘रॉड टाकून’ किंवा ‘प्लेट बसवून’ तो काही दिवसांत घरी परततो. वेदनेशी खरी गाठ पडते ती त्यानंतर, डॉक्टर हाकेच्या अंतरावर नसताना.

किती दिवस दुखणार?

दुखणे हत्तीच्या पावलाने येते आणि मुंगीच्या पावलाने जाते, ही म्हण येथे तंतोतंत लागू पडते. शस्त्रक्रियेच्या दिवशी भुलीच्या परिणामामुळे पाय फारसा दुखत नाही. भूल उतरल्यावर दुखणे एकदम उसळते. काही बिघडले, असे समजून घाबरू नये. पहिले तीन-चार दिवस अधिक त्रासाचे असतात. साधारणपणे १० ते १४ दिवसांनी टाके निघेपर्यंत दुखणे बरेच उतरते. व्यायामानंतरचा किंवा रात्रीचा ठणका मात्र काही आठवडे राहू शकतो, कारण हाड भक्कम जुळण्यास बहुधा तीन ते सहा महिने लागतात. दुखणे एखाद्या दिवशी वाढले तरी हरकत नाही. आठवड्याच्या हिशेबाने ते उतरत आहे ना, हे पाहावे.

दुखण्याला नाव द्यावे

आपल्या मराठीत दुखण्याला जितके शब्द आहेत, तितके डॉक्टरांच्या कागदावरही नसतील. ते अचूक वापरले, तर निदानास मोठी मदत होते. पाय लोंबकळत ठेवल्यावर वाढणारा ‘ठणका’ बहुधा सुजेचा असतो. हलविताना येणारी ‘कळ’ स्नायूंची वा जखमेची असू शकते. ‘चमक’, ‘जळजळ’ आणि ‘मुंग्या’ हे शब्द मज्जातंतूंकडे बोट दाखवितात. त्यावरची औषधे वेगळी असतात. जखमेतील वाढती ‘ठसठस’ पू झाल्याची खूण असू शकते. म्हणून ‘दुखते’ एवढेच न सांगता कसे, कोठे आणि केव्हा दुखते, ते सांगावे.

किती दुखते, हे डॉक्टर शून्य ते दहा अशा अंकांत विचारतात. जुन्या पिढीला ही पट्टी परकी वाटल्यास आण्यांत विचारावे. सोळा आणे म्हणजे असह्य, तर आज किती? ‘काल बारा आणे होते, आज आठ आणे,’ हे उत्तर आजी सहज देतात. वहीत तारीख, वेळ, आणे आणि दिलेली गोळी, एवढ्या चार रकान्यांची नोंद ठेवल्यास पुढील तपासणीत ती मोलाची ठरते.

स्मृतिभ्रंश झालेली व्यक्ती बोलून सांगू शकत नाही. कपाळाच्या आठ्या, कण्हणे, कूस बदलू न देणे, जेवण नाकारणे किंवा एकाएकी चिडचिड होणे, ही तिची भाषा समजावी.

गोळी वेळेवर

दुखणे शिगेला पोहोचल्यावर गोळी देणे म्हणजे आग भडकल्यावर विहीर खणणे होय. पहिले काही दिवस डॉक्टरांनी ठरविलेल्या वेळी, दुखण्याची वाट न पाहता गोळी द्यावी. व्यायामापूर्वी पाऊण तास आणि रुग्णालयातून घरी येण्याच्या प्रवासापूर्वी तिची वेळ जुळवून घ्यावी. खड्ड्यांच्या रस्त्यावर याचे महत्त्व चटकन कळते.

पॅरासिटामॉल हा वेदनाशमनाचा पाया. दोन मात्रांमध्ये किमान चार ते सहा तासांचे अंतर हवे. निरोगी प्रौढाने दिवसभरात ४ ग्रॅमची मर्यादा ओलांडू नये. वजन ५० किलोपेक्षा कमी असल्यास, यकृताचा विकार किंवा मद्यपानाची सवय असल्यास डॉक्टर त्याहून कमी मात्रा ठरवितात. सर्दी-तापाच्या आणि ‘दोन औषधे एकत्र’ असलेल्या अनेक गोळ्यांतही पॅरासिटामॉल असते. वेष्टनावरील घटक वाचले नाहीत, तर नकळत दुप्पट मात्रा जाते.

डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन, असिक्लोफिनॅक या गोळ्या सूज उतरवितात. परंतु वृद्धांच्या मूत्रपिंडाला, जठराला आणि हृदयाला त्या बाधू शकतात. रक्तदाब, मूत्रपिंडाचा विकार किंवा रक्त पातळ करणारे औषध चालू असल्यास त्या दुकानातून परस्पर आणू नयेत. शेजाऱ्यांना गुण आलेली गोळी आपल्याला अपायकारक ठरू शकते.

ट्रॅमाडॉलसारख्या तीव्र औषधांची ‘सवय लागेल’ म्हणून काही घरांत गोळ्या लपवून ठेवल्या जातात. डॉक्टरांनी ठरविलेल्या थोड्या दिवसांपुरती आणि त्यांच्या देखरेखीखाली ती घेतल्यास व्यसनाची भीती कमी असते. मात्र चक्कर, मळमळ, गुंगी आणि बद्धकोष्ठ हे परिणाम संभवतात. गोळी घेतल्यावर रुग्णाने एकट्याने उठू नये. झोपेची गोळी किंवा मद्य यांच्याबरोबर ती कदापि घेऊ नये. पोट साफ राहण्यासाठी ताक, ज्वारीची भाकरी, पालेभाजी आणि भिजविलेल्या मनुका द्याव्यात. हृदयाच्या वा मूत्रपिंडाच्या रुग्णांनी पाण्याचे प्रमाण डॉक्टरांना विचारून ठेवावे.

घरातील उपाय

झोपताना टाच आणि पोटरीखाली उशा देऊन पाय हृदयाच्या पातळीपेक्षा किंचित वर ठेवावा. केवळ गुडघ्याखाली सतत उशी ठेवल्यास गुडघा आखडतो. खुब्याची शस्त्रक्रिया असल्यास डॉक्टरांनी सांगितलेलीच स्थिती ठेवावी. बर्फ रुमालात गुंडाळून १५ ते २० मिनिटे, दिवसातून तीन-चार वेळा ठेवता येतो. जखमेवरील पट्टी भिजू देऊ नये आणि मधुमेहामुळे पाय बधिर असल्यास बर्फ टाळावा. जागेपणी दर तासाला पावले वर-खाली हलवावीत.

जमिनीवरचे अंथरूण काही महिने गुंडाळून ठेवावे. पलंग आणि खुर्चीची कमोड असल्यास उठबस करताना येणारी कळ पुष्कळ कमी होते.

तेल लावून पोटरी चोळण्याचा आग्रह जवळजवळ प्रत्येक घरात होतो. त्यामागे माया असते. तरीही तो मोडून काढावा. शिरेत गुठळी असल्यास चोळण्याने ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. हाडवैद्याची निनावी भुकटीही नको; अशा काही भुकट्यांत स्टिरॉइड मिसळलेले आढळले आहे.

हे दिसल्यास थांबू नये

गोळी घेऊनही दुखणे तासागणिक वाढत असेल, पाय दगडासारखा घट्ट झाला असेल, बोटे बधिर, निळी वा थंड पडली असतील, एका पोटरीला सूज आणि उष्णता आली असेल, ताप येऊन जखमेतून पू येत असेल किंवा पाय एकाएकी आखूड अथवा वाकडा दिसू लागला, तर त्याच दिवशी, शक्य तर त्याच तासाला, रुग्णालय गाठावे. छातीत दुखणे, धाप लागणे, गुंगीतून जागे न होणे किंवा श्वास मंदावणे, ही लक्षणे दिसताच १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

दोन शब्द घरच्यांसाठी

‘दुखतंय का?’ या प्रश्नाला ‘नाही’ हेच उत्तर मिळते. त्याऐवजी ‘रात्री किती वेळा जाग आली?’ असे विचारून पाहावे. शुश्रूषा करणाऱ्यांनीही रात्री पाळी लावून घ्यावी. एकाच सुनेवर किंवा लेकीवर सारा भार पडला, तर आजी तिच्याकडे पाहूनच गप्प बसतात.

आणि आजी-आबांनो, आपल्यालाही एक विनंती. आज रात्री देवघरातील लहान घंटी उशाशी ठेवून घ्या. पाय ठणकला की ती वाजवा. आपण चार पावले लवकर चालू लागलात, तर आपल्यासाठी जागणाऱ्यांची झोपही लवकर परत येईल.