तारीख नसलेले शोध

माघ सरत येतो, पळस पेटू लागतो आणि फेब्रुवारीच्या अखेरीस आपल्याकडे दोन दिवस एकापाठोपाठ येतात. 27 तारखेला कुसुमाग्रजांच्या जयंतीनिमित्त आपण मराठीचा गौरव करतो आणि दुसऱ्याच दिवशी विज्ञान दिन उजाडतो. शाळाशाळांतून खाण्याच्या सोड्याचे ज्वालामुखी फसफसतात, रामन यांच्या तसबिरीला हार चढतो, पाहुणे वैज्ञानिक दृष्टिकोनावर बोलतात आणि पोरे अल्पोपाहाराकडे डोळे लावून टाळ्या वाजवतात. कलकत्त्यात 28 फेब्रुवारी 1928 रोजी लागलेल्या शोधाचा हा उत्सव. याच तारखेला, 1941 साली, परळमध्ये टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले, हे मात्र आपल्या सहसा ध्यानात येत नाही. लेडी मेहेरबाई टाटा 1931 साली रक्ताच्या कर्करोगाने गेल्या आणि त्या घरच्या दुःखातून ही वास्तू उभी राहिली.

रामन यांच्या शोधाला तारीख आहे, म्हणून त्याचा सण करता येतो. पण ज्या संशोधनाला अशी तारीखच नसते, त्याची आठवण आपण कोणत्या दिवशी काढायची? परळची ती परंपरा पुढे खारघरच्या अ‍ॅक्ट्रेक या टाटा मेमोरियलच्या कर्करोग संशोधन केंद्रात गेली. तिथे डॉ. शुभदा चिपळूणकर यांनी वर्षानुवर्षे टी पेशींचा अभ्यास केला आणि पुढे त्या संस्थेच्या संचालकही झाल्या. त्यांच्या कामात ‘युरेका’ म्हणावा असा एकच एक दिवस सापडत नाही. सापडते ती एका अल्पसंख्य पेशीची दीर्घ सोबत.

टी पेशी म्हणजे छातीच्या हाडामागच्या थायमस ग्रंथीत तयार होणारी शरीराची राखण. बहुतेक टी पेशींना शत्रूचा तुकडा दुसऱ्या पेशीने पुढे धरून दाखवावा लागतो. गॅमा-डेल्टा नावाच्या टी पेशींना मात्र त्याची गरज नसते. ताणाखाली आलेली पेशी त्या स्वतःच ओळखतात. रक्तातल्या टी पेशींत त्या शंभरात जेमतेम पाच-दहा. तंबाखू-माव्यापायी तोंडाचा कर्करोग घरोघरी ठाऊक असलेल्या आपल्या मुलखात चिपळूणकरांच्या गटाने नेमका तोच रोग हाती घेतला. तोंडाच्या गाठींतील पेशींवर असलेले एक उष्णताप्रथिन गॅमा-डेल्टा पेशी ओळखतात, हे त्यांनी 1999 साली मांडले. पुढच्याच वर्षी अन्ननलिकेच्या गाठींवरचे काम आले. अशा प्रयोगांची रीत पाहण्यासारखी असते. गाठीच्या पेशींत किरणोत्सारी क्रोमियम भरायचे, त्यांवर टी पेशी सोडायच्या, काही तास सदतीस अंशांच्या उबेत ठेवायचे आणि मग भोवतालच्या द्रवात किती क्रोमियम उतरले ते मोजायचे. जितके क्रोमियम बाहेर, तितक्या पेशी फुटल्या. हे पुन्हा, आणि पुन्हा, प्रत्येक रुग्णाच्या नमुन्यावर.

त्या नमुन्यांचेही विसरून चालणार नाही. ज्याच्या जबड्यावर उद्या शस्त्रक्रिया व्हायची आहे, असा माणूस आपल्या रक्ताचा नि गाठीचा तुकडा संशोधनाला देण्यास होकार देतो. त्याचा लाभ बहुधा त्याला स्वतःला होणार नसतो. दानाच्या आपल्या यादीत या दानाला अजून जागा मिळालेली नाही.

आणि तरीही या साऱ्या कारकिर्दीत आपल्याला सर्वांत मोलाचे वाटते ते एक अडचणीचे पान. ज्या पेशींना इतकी वर्षे रक्षक म्हणून पाहिले, त्यांतल्याच काही पित्ताशयाच्या कर्करोगात आयएल-17 नावाचा संदेशरेणू सोडतात आणि गाठीला रक्तवाहिन्या फुटायला मदत करतात; ज्या रुग्णांत अशा पेशी जास्त, त्यांचे आयुर्मान कमी. चिपळूणकरांच्याच गटाने हे 2016 साली छापले. जपलेले झाड कुठे किडले आहे, हे बागवानानेच बोट ठेवून दाखवावे, तसे हे झाले. कोणत्याही क्षेत्रात, आपल्या राजकारणात तर नक्कीच, हा गुण दुर्मीळच.

टी पेशींचा उपचार आता खारघरला खाटेपर्यंत आला आहे. आयआयटी मुंबईत राहुल पुरवार यांच्या गटाने रुग्णाच्याच टी पेशींत नवा जनुक घालून त्यांना कर्करोगाची ओळख पटवण्याचे तंत्र देशात घडवले. 2021 साली अ‍ॅक्ट्रेकमध्ये ते पहिल्या रुग्णाला दिले गेले, 2023 साली त्याला सरकारी मान्यता मिळाली. परदेशात कोटींत जाणारा खर्च इथे लाखांत आला, तरी चाळीसेक लाख म्हणजे आपल्यातल्या बहुतेकांना घर विकूनही न पुरणारी रक्कम. शिवाय हा उपचार रक्ताच्या काही कर्करोगांपुरताच आहे. तोंडाच्या, पित्ताशयाच्या घट्ट गाठींपुढे टी पेशी अजून अडखळतात, आणि तिथेच त्या जुन्या, सावकाश कामाची गरज पडते.

म्हणून यंदाच्या विज्ञान दिनाला पाहुणे ठरवताना एक करून पाहावे. फीत कापणाऱ्याऐवजी पेशी वाढवण्यात पाच-सहा वर्षे घालवलेल्या एखाद्या संशोधक मुलीला बोलवावे, चिपळूणला, कणकवलीला. पोरांनी तिला विचारावे, की प्रयोग फसला की तुम्ही दुसऱ्या दिवशी काय करता. आणि मोठ्यांनी विचारावे, की तुमची शिष्यवृत्ती वेळेवर मिळते का.