डागी वांग्याची वकिली

गेल्या पौषातली गोष्ट. शाळा सुटल्यावर ओढ्याच्या वाटेने घराकडे निघालो होतो. वाटेवर माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचे वांग्याचे शेत लागते. चौथीत असताना हा मुलगा पाढ्यांत कच्चा होता. आता दोन मुलांचा बाप आहे आणि बाजारभाव त्याला तोंडपाठ असतात. पाठीवर पंप बांधून त्याची फवारणी चालली होती. मला पाहताच तो बांधावर आला, तोंडाचे फडके सोडले आणि म्हणाला, "मास्तर, वांगी घिऊन जावा की घरला." मी पिशवी उघडली आणि जवळच्याच झाडाला हात घातला. तसा तो एकदम ओरडला, "हितली नगा तोडू मास्तर! ही बाजाराची. घरची तिकडं हायती, हिरीपाशी."

विहिरीपाशी सात-आठ झाडे होती. पाने थोडी कुरतडलेली, वांगी लहानमोठी, दोन-चारांना भोके पडलेली. त्यांतली बरी निवडून त्याने माझी पिशवी भरली. रात्री घरी भरली वांगी झाली. झाली होती उत्तम. पण घास घशाखाली उतरेना. विद्यार्थ्याने गुरुदक्षिणा म्हणून मला विषातून वाचवले, हे खरे. पण उद्या तालुक्याच्या बाजारात ती पहिली वांगी जे घेणार, त्यांचा हात धरायला कोणाचा विद्यार्थी तिथे उभा राहणार होता?

बाजाराचे वांगे आणि घरचे वांगे यांच्यामध्ये त्या शेतात वीस पावलांचे अंतर होते. ते अंतर कोणी पाडले, एवढाच आजचा माझा प्रश्न आहे.

तुम्ही म्हणाल, प्रश्न कसला? शेतकऱ्याने पाडले. स्वतः चांगले खातो आणि जगाला विष विकतो! वाचकहो, जरा थांबा. मीही दुसऱ्या दिवशी याच तावात त्याच्याकडे गेलो होतो. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाला, "मास्तर, भोकाचं वांगं अडत्या बाजूला फेकतो. निम्मासुद्धा भाव येत न्हाई. मी अळीला भीत न्हाई, मी गिऱ्हाइकाला भितो."

मी मुकाट्याने परत आलो. कारण आमच्या घरात बाजार मी करतो. आणि भाजीवालीच्या पाटीसमोर बसलो म्हणजे माझा हात कुठे जातो, हे मला ठाऊक आहे. तो जातो चकचकीत, एकसारख्या, तेल लावल्यासारख्या दिसणाऱ्या वांग्यांकडे. जरा डाग दिसला की मी ते वांगे दोन बोटांनी असे बाजूला ठेवतो, जसे काही त्याला महारोग झाला आहे! पन्नास कादंबऱ्यांतल्या नायिका मी केवळ रूपावरून पारखू नयेत असे माझे वाचक मला बजावतात. पण वांगे मात्र आम्ही सगळेच रूपावरूनच पारखतो.

आणि आपली भाषा तरी पाहा. शेतात मारायचे ते विष. पण आपण त्याला काय म्हणतो? 'औषध'. "औषध मारलं का?" "औषध कुठलं आणलंस?" दुकानदार औषध देतो, गडी औषध मारतो. ज्या बाटलीवर कवटीचे चित्र आहे तिला औषध म्हणणारे लोक आपण! मोनोक्रोटोफॉस नावाच्या कीटकनाशकाला भाज्यांवर 2005 सालीच मनाई झाली. पण इतर पिकांसाठी ते पुढेही कित्येक वर्षे दुकानात मिळतच राहिले. दुकानातून निघालेली बाटली कपाशीवर रिकामी होते की भेंडीवर, हे बघायला कोण जाणार? आणि 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन सुमारे वीस शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात पडले. ताटातल्या विषाची आपण चर्चा करतो. पण त्या विषाचा पहिला घोट पंप पाठीवर घेणाऱ्याच्याच वाट्याला येतो.

मग यावर उपाय काय? फवारणी बंद करा आणि देवावर हवाला ठेवा? हा प्रयोग मी स्वतः करून पाहिला आहे आणि त्यात सपशेल नापास झालो आहे, म्हणूनच बोलण्याचा अधिकार घेतो.

माझी वडिलार्जित जमीन बारा गुंठे. काही वर्षांपूर्वी नैसर्गिक शेतीवरचे एक व्याख्यान ऐकून मी इतका भारावलो, की त्याच हंगामात युरियाची गोणी आणि औषधाची बाटली दोन्ही बंद केली. मॅट्रिक झालेल्या माणसाला एवढा आत्मविश्वास पुरे होतो! परिणाम असा झाला की पीक पिवळे पडले, शेंडे अळीने पोखरले, आणि निम्म्याहून अधिक वांगी फेकावी लागली. शेजारी हसले. मंडळी घरात एवढेच म्हणाली, "तुमच्या कादंबऱ्यांना तरी कुठं पहिल्या वर्षी गिऱ्हाईक मिळालं होतं?"

पुढे मला कळले की मी बारा गुंठ्यांवर केलेला मूर्खपणा श्रीलंकेच्या सरकारने 2021 साली साऱ्या देशावर केला. रासायनिक खतांची आयात एका फर्मानाने बंद केली, पिके कोसळली, आणि वर्ष संपायच्या आत फर्मान मागे घ्यावे लागले. नैसर्गिक शेतीचे विरोधक हे उदाहरण मोठ्या आनंदाने सांगतात. सांगोत बापडे. त्यातून नैसर्गिक शेती खोटी ठरत नाही. वर्षानुवर्षे उपाशी ठेवलेल्या जमिनीला एका रात्रीत पहिलवान हो म्हणून सांगता येत नाही, एवढेच त्यातून ठरते.

कारण दुखणे पानावर दिसते, पण असते मातीत. जमीन म्हणजे झाड उभे करायची कुंडी नव्हे. चांगल्या मातीच्या मूठभरात डोळ्यांना न दिसणारे कोट्यवधी जीव असतात. पालापाचोळा, शेण, मुळ्यांचे अवशेष खाऊन ते पिकाला लागणारे अन्न मोकळे करतात. गांडुळे माती खालीवर करतात. त्यांच्या या कामावर डार्विनसारख्या माणसाने 1881 साली सबंध पुस्तक लिहिले. या साऱ्या गोकुळाचे पोट ज्यावर चालते त्याला आपल्याकडे सेंद्रिय कर्ब म्हणतात. 2015 साली सरकारने जमिनीची आरोग्यपत्रिका काढली, म्हणजे आम्हा मास्तरांच्या भाषेत जमिनीचे प्रगतिपुस्तक. त्यात सेंद्रिय कर्ब अर्ध्या टक्क्याहून कमी असला की जमीन 'कमी' या रकान्यात जाते. माझी गेली होती. नापास विद्यार्थ्याला छडी मारून तो पास होत नाही हे मला पंचवीस वर्षांच्या नोकरीत समजले. जमिनीच्या बाबतीत समजायला एक हंगाम गमवावा लागला.

युरिया हे काही पाप नव्हे. त्यात शेकडा 46 भाग नत्र असते आणि ते पिकाला लागतेही. पण नुसत्या युरियावर वाढलेले झाड म्हणजे लाडू-जिलबीवर वाढवलेला मुलगा. हिरवेगार, लुसलुशीत, आणि मावा-तुडतुड्यांना तेच तर हवे असते! मग किडीसाठी औषध, औषधाने किडीबरोबर किडीचे शत्रूही मेले म्हणून आणखी औषध. सावकाराच्या व्याजासारखे हे चक्र आहे. मुद्दल फिटतच नाही.

दुसऱ्या वर्षी मी वांगी लावलीच नाहीत. ताग पेरला आणि फुलावर येताच, दीडएक महिन्याचा असताना, जमिनीत गाडला. शेजारी पुन्हा हसले. उभे पीक गाडणारा मास्तर त्यांनी प्रथमच पाहिला. शेणखत, पालापाचोळा, उसाचे पाचट, जे मिळेल ते कुजवून घातले. उघडी माती कुठे ठेवली नाही. वांग्याच्या जागी पुढच्या खेपेला टोमॅटो किंवा मिरची लावली नाही, कारण ती भावंडे एकाच घरची, रोगही त्यांचे एकच. त्याऐवजी घेवडा आणि चवळी घेतली. त्यांच्या मुळांवरच्या गाठी हवेतले नत्र फुकटात जमिनीत आणतात. कडेने झेंडू लावला. आणि पोखरणाऱ्या अळीसाठी? सुकलेले शेंडे दर आठवड्याला खुडून जाळायचे, कामगंध सापळे टांगायचे, आणि गरज पडली तर पाच टक्के निंबोळी अर्क. यात चमत्कार काही नाही. कष्ट मात्र आहेत, आणि ते बहुतेक घरच्या बाईच्या कमरेला पडतात, हेही प्रामाणिकपणे सांगतो. तिसऱ्या वर्षी कुदळ मारली तेव्हा ढेकळात गांडुळे निघाली. बक्षीस समारंभात नाव पुकारल्यासारखा आनंद झाला!

आमच्याच मातीतले हे शहाणपण आहे. अल्बर्ट हॉवर्ड नावाचा इंग्रज 1905 साली आपल्याला शेती शिकवायला आला आणि इथला शेतकरी व इथली कीड हेच आपले प्राध्यापक, अशा अर्थाचे लिहून गेला. इंदूरला राहून त्याने कचऱ्यापासून खत करण्याची जी पद्धत बसवली, ती जगभर इंदूरच्याच नावाने गेली. कोल्हापूरचे श्री. अ. दाभोळकर गणिताचे प्राध्यापक. त्यांनी 'प्रयोग परिवार' उभा करून, दहा गुंठ्यांत एका कुटुंबाची गरज भागू शकते असा हिशेब मांडला. सुभाष पाळेकरांनी शेण, गोमूत्र, गूळ आणि डाळीच्या पिठाचे जीवामृत खेडोपाडी नेले. पण आमचे लोक जीवामृत तेवढे घेतात आणि पाळेकर ज्यावर तितकाच भर देतात ते आच्छादन विसरतात. जीवामृत हे विरजण आहे; भांड्यात दूधच नसेल तर विरजण लावून दही कसले लागणार?

आता दुसऱ्या बाजूच्या मंडळींकडे वळतो. शहरात 'नैसर्गिक' अशी हिरवी पाटी लावलेली दुकाने निघाली आहेत. एकदा मी आमची पाटीभर वांगी घेऊन अशाच एका दुकानात गेलो. मालकाने एक वांगे उचलले, फिरवून पाहिले आणि म्हणाला, "माल नैसर्गिक हवाच, पण डाग नको. आमचं गिऱ्हाईक वेगळं आहे." म्हणजे गिऱ्हाइकाला निसर्ग हवा, पण निसर्गातला किडा नको! माझी पाटी मी उचलली आणि एसटीत बसलो. तिप्पट भाव द्यायला तयार असलेले हे गिऱ्हाईक भोक पडलेल्या वांग्याला एक रुपयाही द्यायला तयार नाही, आणि माझ्या त्या विद्यार्थ्याच्या पाठीवरचा पंप उतरत नाही तो याचमुळे.

म्हणून माझे आरोपपत्र शेतकऱ्यावर नाही. ते आपल्या डोळ्यांवर आहे. अळीचे भोक कापून टाकता येते. विळीवर अर्धे मिनिट लागते. आपल्या आज्या तेच करीत आल्या. आत मुरलेले विष मात्र कोणत्याही विळीने कापता येत नाही. मग यांतले कोणते वांगे किडके म्हणायचे?

सरकारने काय करावे, विद्यापीठांनी काय करावे, याची यादी मलाही देता येईल. पण दिवाळी अंक घरात वाचला जातो, म्हणून घरातलेच बोलतो. येत्या पाडव्याला घरोघर बळीचे राज्य येवो म्हणून ओवाळले जाईल. आणि दुसऱ्याच दिवशी मंडईत जाऊन आपण त्या बळीराजाचे वांगे दोन बोटांनी बाजूला ठेवू. हा बळी पुन्हा पाताळात घालायचाच प्रकार झाला. फरक एवढाच, की वामनाला तीन पावले लागली, आपल्याला दोन बोटे पुरतात.

दिवाळीनंतर चंपाषष्ठी येते. चातुर्मास वांगे न खाणाऱ्या घरांतही त्या दिवशी खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य असतो. त्या दिवशी भाजीवालीला सांगा, "एखादं भोकाचंही घाल, आणि भाव तोच लाव." ती चमकून तुमच्याकडे बघेल. बघू द्या. ही गोष्ट ती अडत्याला सांगेल, अडत्या हसेल. दहाजणींनी सांगितली म्हणजे हसायचा थांबेल. आणि कधीतरी ओढ्याकाठच्या त्या शेतात माझा विद्यार्थी बांधावर येऊन म्हणेल, "मास्तर, कुठलीबी तोडा. सगळी घरचीच हायती."

भरतासाठी वांगे भाजायचेच असते. भाजल्यावर त्याचे रूप कोणाला दिसते?