दुष्काळ तालुक्याची हद्द पाळत नाही

गेल्या वर्षी आमच्या भागातल्या पाच संस्था-संघटना एकत्र बसल्या. विषय होता पाण्याचा आणि पाण्यापायी गाव सोडणाऱ्या बायांचा. दिवसभर चर्चा झाली, ठराव झाले, मिळून काम करायचं ठरलं. संध्याकाळी एका कार्यकर्तीनं साधा प्रश्न विचारला, ‘पुढच्या बैठकीला यायचं भाडं कुणी द्यायचं?’ एस.टी.त बायांना अर्धं तिकीट आहे, तरीही बैठक गप्प झाली. पाचही संस्थांकडे प्रकल्प होते. पण एकमेकींबरोबर बसणं हे काम कुणाच्याच अंदाजपत्रकात नव्हतं.

हा प्रश्न भाड्याचा नाही. हवामान बदलावरच्या कामाला पैसा मिळतो तो कसा, कुणाला आणि कुणाच्या अटींवर, हा आहे.

मराठवाड्याकडे पाहा. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. त्याच मराठवाड्यात २०२५ च्या सप्टेंबरमध्ये अतिवृष्टीनं उभी पिकं आणि शेतातली माती वाहून गेली. कधी कोरडा, कधी ओला, दुष्काळ ठरलेलाच. नुकसानभरपाई मात्र सातबाऱ्यावर ज्याचं नाव त्याला. शेतात राबणाऱ्या बाईचं नाव तिथे बहुधा नसतंच.

मग ती उसाच्या फडात जाते. मुकादमाची उचल, नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’, आणि दिवाळीच्या आगेमागे टोळी निघते सांगली, कोल्हापूर, कर्नाटकाकडे. एक दिवस कामावर गेलं नाही तर खाडा. पाळी असो, बाळंतपण असो, खाडा चुकत नाही. २०१९ मध्ये शासनानं डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीपुढे बीड जिल्ह्याचे आकडे आले. ८२,३०९ ऊसतोड बायांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली होती. म्हणजे साधारण सहा जणींमागे एक.

आता या बाईच्या वाटेवर संस्था किती आहेत ते मोजा. तिच्या गावात पाणलोटाचं काम करणारी एक, बचतगट चालवणारी दुसरी, आरोग्याचं पाहणारी तिसरी. ती जिथे ऊस तोडते तिथे मुलांची शाळा चालवणारी चौथी. प्रत्येकीचं काम खरं आहे, गरजेचं आहे. पण पाणलोटवालीचा प्रकल्प तालुक्याच्या हद्दीवर संपतो, आरोग्यवालीचा मार्चअखेर संपतो. बाई हद्द ओलांडून जाते आणि कुणाच्याच अहवालात राहत नाही.

हे संस्थांच्या आळसामुळे होत नाही. पैशाची रचनाच तशी आहे. परदेशी देणग्यांच्या कायद्यात २०२० मध्ये दुरुस्ती झाली. तेव्हापासून एका संस्थेला मिळालेला परदेशी निधी दुसऱ्या संस्थेला देता येत नाही आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली. गावपातळीवरच्या लहान संघटना मोठ्या संस्थेमार्फत मिळणाऱ्या पैशावर उभ्या होत्या, त्यांची वाट बंद झाली. दुसरा पैसा कंपन्यांचा. २०१३ च्या कंपनी कायद्यानं मोठ्या कंपन्यांना नफ्याच्या २ टक्के सामाजिक कामावर खर्च करायला लावलं. पण तोच कायदा कंपनीच्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्या असं सांगतो. मग कारखाने नसलेल्या दुष्काळी तालुक्याच्या वाट्याला काय येणार? त्यातून जे येतं ते तळं, टाकी, सोलर पंप. फोटो निघेल असं काही. बायांनी तीन वर्षं एकत्र येऊन विचार करण्याचा फोटो निघत नाही.

एका देणगीदार कंपनीच्या अधिकाऱ्यांनी मला सरळ विचारलं होतं, ‘मॅडम, समन्वय म्हणजे नक्की किती लाभार्थी?’ मला उत्तर देता आलं नाही. आज देईन. फडावर बाळंत होणाऱ्या बाईची नोंद तिच्या गावच्या आशाताईपर्यंत पोहोचवणं, हा समन्वय. तो नसला की काय होतं ते वरच्या आकड्यांत आहे.

मिळून काम होतच नाही असं म्हणणाऱ्यांना सांगली जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्याची आठवण करून द्यावीशी वाटते. ऐंशीच्या दशकात मुक्ती संघर्ष चळवळीतल्या लोकांनी येरळा नदीची थोडी वाळू विकून, वर्गणी आणि श्रमदान करून बळीराजा स्मृती धरण उभं केलं. दोन गावांनी पाणी वाटून घेतलं आणि भूमिहीन कुटुंबांनाही वाटा दिला. पैसा कुठून आणायचा आणि पाणी कुणाला द्यायचं, दोन्ही निर्णय एकाच ठिकाणी झाले. आज आपल्याकडे पहिला निर्णय मुंबई-दिल्लीत होतो आणि दुसरा आपण राबवतो.

म्हणून देणगीदारांकडे आपण काही गोष्टी ठामपणे मागायला हव्यात. निधी तालुक्याला नको, स्थलांतराच्या पूर्ण वाटेला द्या. वर्षाचा नको, निदान पाच वर्षांचा द्या. कायद्यानं संस्थेनं संस्थेला देता येत नसेल तर एकाच सामायिक आराखड्यावर प्रत्येकीला थेट द्या. समन्वयाचं काम करणाऱ्या कार्यकर्तीला पगार द्या, ते काम ‘वरखर्च’ म्हणून खोडू नका. आणि पैसा कशावर खर्चायचा हे ठरवताना ऊसतोड बाया त्या खोलीत असल्या पाहिजेत, तेही पट्टा पडून त्या गावी परतल्यावर.

पण बोट फक्त देणगीदारांकडे दाखवून चालणार नाही. आपणही एकमेकींच्या गावांवर ‘आमचं कार्यक्षेत्र’ म्हणून पाटी लावतो. मोठी संस्था लहान संघटनेच्या कामाचे आकडे स्वतःच्या अहवालात घालते. नकार मिळालेला प्रस्ताव आपण मैत्रिणीलाही दाखवत नाही. पितृसत्तेला नावं ठेवणाऱ्या आपण संस्थांच्या उतरंडीपुढे गप्प बसतो.

आमच्या पाच संघटनांनी शेवटी एक डबा केला. दर महिन्याला प्रत्येकीनं स्थानिक वर्गणीतून पाचशे रुपये टाकायचे, हिशोब वहीत लिहायचा, ती वही बैठकीत सगळ्यांसमोर वाचायची. रक्कम हसण्यासारखी आहे. पण पुढच्या बैठकीचं भाडं निघालं आणि त्या बैठकीला फडावरून परतलेल्या सात जणी आल्या. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, ‘तुम्ही सगळ्या एकमेकींना ओळखत होतात, मग इतकी वर्षं कुठं होता?’

मैत्रिणींनो, या प्रश्नाचं उत्तर आपण सगळ्यांनी मिळून द्यायचं आहे. तुमच्या भागात असा डबा आहे का? नसेल, तर कशात अडलंय? जरूर लिहा.