फोन कुणाला करायचा?

मागच्या शनिवारी मेढ्याला जाऊन आलो. मेढा कुठे, असं विचारणारे निघतीलच म्हणून सांगतो: सातारा जिल्हा, जावळी तालुक्याचं ठिकाण, वेण्णेच्या काठी. साताऱ्याहून केळघरमार्गे महाबळेश्वरला जाताना लागतं. जावळी म्हटलं की आपल्याला चंद्रराव मोरे आठवतो आणि तिथेच आपला इतिहास-भूगोल दोन्ही संपतो. असो.

तीन वर्षांपूर्वी आमच्या हापिसातल्या उत्साही मंडळींनी (त्यात सगळ्यात पुढे अस्मादिक!) तिथल्या एका वाडीवरच्या द्विशिक्षकी शाळेला प्रोजेक्टर, लॅपटॉप आणि स्पीकर दिले होते. नारळ फुटला, पोरांना खाऊ वाटला, फोटो निघाले. परवा सकाळच्या शाळेच्या वेळेत गेलो, तर प्रोजेक्टर कपाटात. पावसाळ्यात ओल लागू नये म्हणून तांदळाच्या रिकाम्या पोत्यात नीट गुंडाळून ठेवलेला. बाई म्हणाल्या, "वर्षभर छान चालला हो सर. मग चित्र पिवळं दिसायला लागलं, नंतर येईचना. साताऱ्याला नेला तर दुकानदार म्हणाला दिवा गेलाय, नवीन आठ हजार." पुढे अगदी साध्या सुरात म्हणाल्या, "त्याच्यावर तुमच्या कंपनीचं नाव आहे, पण फोन नंबर नाही. कुणाला करणार?"

परतताना पाचवडला चहा पिताना मित्र म्हणाला, "जाऊ दे रे, या शिक्षकांनाच इंटरेस्ट नसतो." मी गप्प. कारण हेच वाक्य मी स्वतः किती पार्ट्यांमध्ये टाकलंय याचा हिशोब नाही.

तर मंडळी, हे वाक्य धादांत खोटं आहे. २०१५ साली 'सरल' आलं, तेव्हा राज्यातल्या प्रत्येक मुलाची माहिती ऑनलाइन कुणी भरली? याच लोकांनी. सर्व्हर दिवसा रांगायचा म्हणून रात्री जागून, नेट कॅफेत पदरचे पैसे घालून. शिवाय यू-डायस, शालार्थ, पोषण आहाराची रोजची नोंद, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर 'तात्काळ' म्हणून येणारी पत्रकं. ज्यांना कॉम्प्युटर जमत नाही ते हे सगळं कसं करतात बुवा? मुद्दा असा की शाळेतलं बरंचसं तंत्रज्ञान वरच्या हापिसाला माहिती पुरवण्यासाठी आहे. फळ्यासमोर उभ्या माणसाच्या हाती जे येतं, त्याच्यामागे कुणी उभं नसतं.

आपल्या धंद्यात हे खपेल का सांगा. क्लायंटला सिस्टीम बसवून दिली, ट्रेनिंग एक दिवस, सपोर्ट शून्य, एएमसी नाही, आणि वापरली नाही तर युजर आळशी! पहिल्याच आठवड्यात मॅनेजरने सोलून काढलं असतं. शाळेच्या बाबतीत मात्र आपण यालाच समाजकार्य म्हणतो आणि लिंक्डइनवर टाकतो.

सरकारही वेगळं नाही. माध्यमिक शाळांतली आयसीटी योजना आठवा. 'बूट' तत्त्वावर कंत्राटदाराने लॅब थाटायची, कॉम्प्युटर शिक्षकही त्याच्यामार्फत, मुदत पाच वर्षं. मुदत संपली, यंत्रं शाळेला राहिली आणि ती चालवणारा माणूस घरी गेला. पुढे कितीतरी लॅबना कुलपं लागली. समग्र शिक्षाच्या हिशोबात तीसपर्यंत पट असलेल्या शाळेला वर्षाचं संयुक्त अनुदान १०,००० रुपये. खडू, वीजबिल, डागडुजी, स्वच्छता सगळं त्यात. आता त्यात आठ हजारांचा दिवा बसवून दाखवा. डिजिटल म्हणून मिरवलेल्या शाळांची वीज बिल थकल्यामुळे तोडल्याच्या बातम्या तर आपण वाचतोच.

कुणी लगेच रणजितसिंह डिसले यांचं नाव घेईल. परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतला माणूस, पुस्तकात क्यूआर कोड आणले, २०२० मध्ये ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं आणि दहा लाख डॉलरमधली निम्मी रक्कम उरलेल्या नऊ जणांना वाटून टाकली. सलाम! पण दर शाळेत एक डिसले निघेल या भरवशावर जिल्हा चालवता येत नाही. आपल्या कंपनीत तरी प्रत्येक जण जीनियस आहे का? (माझ्या टीममध्ये तर नाहीच.)

याच सातारा जिल्ह्यात कुमठे बीट आहे. विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांनी तिथल्या शाळांमध्ये ज्ञानरचनावाद आणला. फरशीवर आखलेल्या आकृत्या, काड्या, खडे, मणी. यंत्रांचा बडेजाव नाही. पण अधिकारी बाई तपासणीची वही घेऊन नव्हे, तर शिक्षकांसोबत बसून काम करायच्या, आणि शिक्षक एकमेकांच्या वर्गात जाऊन बघायचे. राज्यभरातून गाड्या भरभरून शिक्षक ते पाहायला आले. २०१५ च्या 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र'च्या काळात त्याचा चांगलाच बोलबाला झाला. तिथे आधी शिक्षकाला सोबत मिळाली, साहित्य नंतर आलं. आपण नेमकं उलट करतो.

रचना नवीन लागतच नाही. राज्यात ४,८६० केंद्रप्रमुखांची पदं मंजूर आहेत, दहा-बारा शाळांमागे एक, शिक्षकांना मदत करायलाच निर्माण केलेली. त्यातली कित्येक वर्षानुवर्षं रिकामी राहिली, आणि जे आहेत ते माहिती गोळा करण्यात बुडालेले. ती पदं भरा. मेढ्यासारख्या तालुक्याच्या गावी, पंचायत समितीत, एक दुरुस्ती जाणणारा माणूस पगारावर ठेवा, त्याला मोटरसायकल द्या, दोन-चार सुटे प्रोजेक्टर द्या. महिन्याच्या शिक्षण परिषदेत सूचना वाचून दाखवण्याऐवजी, ज्या बाईंनी भागाकार व्हिडिओवर शिकवून पाहिला त्यांना अर्धा तास बोलू द्या. एका उद्घाटनाच्या मांडवात बसेल एवढ्याच खर्चाच्या गोष्टी आहेत या.

आणि आपण, सीएसआर कमिटीवाले. पुढच्या मीटिंगमध्ये कुणी 'पन्नास शाळांना टॅब' अशी स्लाइड लावली की विचारा, पाच शाळांना देऊन उरलेल्या पैशात तीन वर्षांची दुरुस्ती आणि एक माणूस का नको? फोटो कमी येतील, मान्य.

दिवा मागवलाय. मंगळवारी येतोय म्हणे. या शनिवारी परत जाणार आहे, आणि स्टिकरवर कंपनीच्या नावाखाली मार्करने माझा नंबर लिहिणार आहे. ब्रँडिंगवाल्यांनी हरकत घेतली तर त्यांचाही लिहीन.