घोडीच्या मिशांना कातर कशाला?

मंडळी, तुळशीचे लग्न लागले की आपल्याकडे लग्नसराईची गडबड सुरू होते. मांडववाला, वाजंत्रीवाला, आचारी यांच्याबरोबर आणखी एकाचे दिवस येतात, तो म्हणजे घोडीवाला. घोडीला चंदी बारा महिने लागते, पण कमाई होते ती लग्नाच्या तिथींना. म्हणून आज थोडे घोडीविषयी बोलू. ज्यांच्या दारी फक्त बैलजोडी आहे त्यांनीही वाचावे, शेवटी त्यांच्याही कामाचे आहे.

गेल्या लग्नसराईत अकोट तालुक्यातल्या एका गावी मी पाहुणा होतो. आदल्या संध्याकाळी घोडीवाला घोडी घेऊन आला. मोठा हौशी माणूस. घोडी धुतली, खरारा केला, आयाळ विंचरली. मग खिशातून कातर काढून ओठांवरचे आणि हनुवटीवरचे लांब राठ केस कचाकच कापू लागला. डोळ्यांभोवतीचेही कापले.

"हे काहून कापता, भाऊ?" मी विचारले.

"साजरी दिसली पाह्यजे ना, बाप्पा! फोटोत तोंड कसं गुळगुळीत दिसते."

रात्री घोडी अनोळखी आवारात, काटेरी तारेच्या कुंपणाजवळ बांधली. सकाळी पाहतो तो तिच्या खालच्या ओठाला चांगली चीर पडलेली. तोंडात लगाम घालता येईना. नवरदेव पायीच निघाला. घोडीवाल्याचे त्या दिवसाचे पैसे बुडाले आणि ओठ भरून येईपर्यंत पुढच्या दोन सुपाऱ्याही गेल्या. मिशा कापल्या म्हणूनच तार लागली, असे मी छातीठोकपणे सांगत नाही. पण अंधारात तार कुठे आहे हे सांगणारी जी वस्तू देवाने तिच्या तोंडावर दिली होती, ती आपणच संध्याकाळी कापून टाकली होती, एवढे खरे.

ते कसे, ते पाहू. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात. त्यामुळे त्याला आजूबाजूचे आणि बरेचसे मागचेही दिसते. पण कपाळासमोरचे अगदी जवळचे आणि नाकाखालचे दिसत नाही. म्हणजे तोबऱ्यात तोंड घातले की आतला हरभरा त्याला दिसत नाही. हौदाची कड किती जवळ आली हे दिसत नाही. तरीही तो दाणा नेमका उचलतो आणि खडा बाजूला सारतो. हे काम त्याचा वरचा ओठ आणि या मिशा मिळून करतात.

या मिशा अंगावरच्या केसांसारख्या नसतात. त्या जाड असतात आणि त्यांचे मूळ खोल असते. मुळाभोवती रक्ताने भरलेली बारीक पिशवी असते आणि तिला पुष्कळ मज्जातंतू येऊन मिळालेले असतात. केसाचे टोक कशाला नुसते टेकले, तरी मुळाशी हालचाल होते आणि जनावराला कळते. डोळ्यांभोवतीच्या लांब केसांना काडी लागली की पापणी आपोआप मिटते. बाभळीच्या काट्यांच्या आपल्या मुलखात ही केवढी राखण आहे! नुकतेच जन्मलेले शिंगरूही या मिशा घेऊनच येते. आईचे दूध शोधताना त्याला त्या उपयोगी पडतात.

कोणी म्हणेल, "आमच्या वाडवडिलांपासून कापत आलो, काही बिघडले नाही." बरोबर आहे. कापताना घोड्याला दुखत नाही, कारण केसाला स्वतःला जाणीव नसते. कापलेला घोडा कामही करतो आणि मिशा पुन्हा वाढतातही. पण त्या वाढेपर्यंत काही आठवडे तो हातमोजे घालून चाचपडणाऱ्या माणसासारखा असतो. त्यातून लग्नातली घोडी रोज नव्या गावी, नव्या दाव्याला, दिव्यांच्या झगमगाटातून एकदम अंधारात. तिला तर या मिशांची गरज सगळ्यांत जास्त. मेंढ्यांबरोबर धनगराचे बिऱ्हाड पाठीवर घेऊन रानोमाळ फिरणाऱ्या घोड्यालाही तसेच.

बाहेरच्या जगानेही हे ओळखले आहे. जर्मनी, स्वित्झर्लंड आणि फ्रान्स या देशांत घोड्याच्या मिशा कापायला मनाई आहे. घोडेस्वारीच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने तर १ जुलै २०२१ पासून नियमच केला की, ज्या घोड्याच्या मिशा कापल्या किंवा भादरल्या असतील त्याला स्पर्धेत उतरता येणार नाही. औषधोपचारासाठी पशुवैद्याने काढल्या असतील तर गोष्ट वेगळी. लाखमोलाचे घोडे मिशांसकट साजरे दिसतात, तर आपली घोडी का नाही दिसणार?

मग घोडी सजवायची कशी? खुशाल सजवा. खरारा करा, आयाळ विंचरा, शेपटीचे टोक सारखे करा, खूर साफ करून नालबंदाकडून नाल पाहून घ्या. तोंड ओल्या फडक्याने पुसा. मिशांत गूळ किंवा चिखल चिकटला असेल तर कोमट पाण्याने सोडवा. कानातले केसही मुळापासून काढू नका. ते धूळ आणि चिलटे अडवतात. हनुवटीला जखम असेल, टाके घालायचे असतील, तर तेवढ्याच जागेचे केस डॉक्टर काढतील. आणि घोड्याला जखम झाली, मग ती लहान का असेना, धनुर्वाताच्या सुईबद्दल डॉक्टरांना विचाराच. घोड्याला धनुर्वात फार लवकर होतो.

आता बैलवाल्यांसाठी. गाईबैलांच्या ओठांभोवतीही असे केस असतात. घोड्याइतके लांब नसतात, पण काम तेच. पोळ्याला बैल धुताना, सजवताना त्यांना कातर लावू नका. तीच गोष्ट शिंगांची. शिंग वरून नखासारखे दिसते, पण आत जिवंत हाड आणि रक्त असते, आणि बुडाशी ते कपाळाच्या पोकळीला जोडलेले असते. चमक यावी म्हणून दरवर्षी खोल तासू नका. शिंगाचा कर्करोग आपल्या देशात मुख्यतः बैलांना होतो. वारंवार तासणे, रासायनिक रंग आणि दोराचा घासा हे त्याला हातभार लावत असावेत असे मानतात. बैल मान एका बाजूला कलती धरू लागला, शिंग हलू लागले किंवा एकाच नाकपुडीतून रक्त आले, तर थांबू नका, दवाखाना गाठा. रंगवायचेच तर गेरू पुरे. झूल, बाशिंग आणि घुंगरमाळ यांनी बैल काही कमी शोभत नाही.

खात्री करून घ्यायची असेल तर आज संध्याकाळी एक करा. तुमच्या ओळखीच्या, गरीब जनावराजवळ जा. आधी नाव घेऊन हाक मारा, म्हणजे ते दचकणार नाही. मग बाजूला उभे राहून त्याच्या हनुवटीखालच्या एकाच केसाच्या टोकाला हळूच बोट लावा. ओठ कसा थरथरतो ते पाहा. पोरांनाही दाखवा. एकदा ते पाहिले की कातर हाती घेताना हात आपोआप थांबेल.