सुटी, रजा आणि खाडा

डिसेंबरचा शेवटचा आठवडा जवळ आला, की आपल्याकडे एक ठरलेला वाद डोके वर काढतो. नाताळची सुटी आपली की परक्यांची? एक पक्ष म्हणतो, ही साहेबाच्या राज्याची उरलेली खूण आहे, ती पुसली पाहिजे. दुसरा पक्ष म्हणतो, सुटीला धर्म नसतो, वर्षाअखेरीस चार दिवस मोकळे मिळत असतील तर ते आनंदाने घ्यावेत. ज्यांचा तो खरोखरीचा सण आहे, त्या वसईच्या आणि अहिल्यानगरच्या मराठी ख्रिस्ती माणसांना या वादात कोणी काही विचारत नाही. दोन्ही पक्ष मोठ्या आवेशाने बोलतात, आणि त्या दिवशी दोन्ही पक्षांचे पगार चालू असतात. माझा आक्षेप नेमका इथे आहे. हा वाद सुटीविषयीचा नाहीच. ज्यांना सुटी आहे अशा माणसांनी तिच्या नावावरून घातलेला तो वाद आहे. सुटी कोणाला आहे आणि कोणाला नाही, हा प्रश्न दोघांनीही बाहेर ठेवला आहे. आणि साहित्याचे शिक्षण देणारे-घेणारे आपण त्या बाहेर ठेवण्यात सामील आहोत.

आधी ही सुटी आली कोठून ते पाहू. महाराष्ट्र शासन दरवर्षी सार्वजनिक सुट्यांची जी अधिसूचना काढते, तिला आधार आहे १८८१ च्या परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम २५ चा. हा कायदा वचनचिठ्ठ्या, हुंड्या आणि धनादेश यांचा आहे. एखाद्या हुंडीची मुदत सार्वजनिक सुटीच्या दिवशी भरत असेल तर ती कोणत्या दिवशी देय मानावी, एवढीच या कलमाची चिंता. उत्तर असे, की ती आदल्या कामकाजाच्या दिवशी देय होते. सार्वजनिक सुटी म्हणजे काय, हे सांगताना मूळ कलमात रविवार, नववर्षदिन, नाताळ आणि गुड फ्रायडे यांची नावे होती. म्हणजे ज्या सुटीसाठी आपण धर्म आणि संस्कृती पणाला लावतो, ती कायद्याच्या पोथीत प्रथम कागदाला मिळालेली सुटी आहे. त्या दिवशी माणसाने विसावा घ्यावा की नाही, याविषयी ते कलम एक अक्षर बोलत नाही.

माणसाच्या विसाव्याची गोष्ट वेगळ्या रस्त्याने आली. नारायण मेघाजी लोखंडे हे सत्यशोधक कार्यकर्ते, 'दीनबंधु'चे संपादक. १८८४ मध्ये त्यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांची संघटना उभी केली आणि आठवड्यातून एक दिवस सुटी मागितली. मालकांनी ती मान्य केली १० जून १८९० रोजी. मधे सहा वर्षे गेली. पुढच्याच वर्षी, १८९१ च्या कारखाने कायद्यात, साप्ताहिक सुटी आली. आज रविवारी उशिरा उठणारा प्रत्येक मराठी माणूस त्या सहा वर्षांचा ऋणी आहे; परंतु हे ऋण आपल्या पाठ्यक्रमात क्वचितच नोंदले जाते. सुटी ही पंचांगातून किंवा ऋतूतून आपसूक उगवते, अशीच आपली समजूत असते. ती कोणी तरी भांडून मिळवलेली असते.

भाषेला मात्र हे ठाऊक आहे. मराठीत कामावर नसण्याला निदान तीन शब्द आहेत आणि तिन्हींचे अर्थ तीन वर्गांत वाटले गेले आहेत. 'सुटी' हा सुटण्यातला शब्द. दावे सुटते, गाठ सुटते, शाळा सुटते, तशी सुटी. 'रजा' हा अरबी वळणाचा शब्द. त्याच्या मुळाशी संमती आहे, दुसऱ्याची मर्जी आहे. रजा मिळते, मंजूर होते, नाकारली जाते. आणि तिसरा शब्द 'खाडा'. खाडा कोणी देत नाही आणि कोणी घेतही नाही. खाडा पडतो. तो दुसऱ्याच्या हिशेबात पडलेला खड्डा असतो आणि भरावा लागतो आपल्याला. सालदाराचे खाडे मोजले जातात, मोलकरणीचे मोजले जातात, ऊसतोड कामगारांचे मोजले जातात. ज्याच्या गैरहजेरीला 'रजा' म्हणतात, त्याच्या आजारपणाला अर्ज असतो. ज्याच्या गैरहजेरीला 'खाडा' म्हणतात, त्याच्या आजारपणाला फक्त किंमत असते.

आता नाताळच्या आठवड्यात वाशीम जिल्ह्याच्या मानोरा तालुक्यातील इंझोरीसारख्या गावाकडे पाहावे. सोयाबीन घरात येऊन विकले गेलेले असते. पऱ्हाटीवर बोंडे फुटलेली असतात आणि वेचणी चालू असते. तूर सोंगणीला येऊ लागते. हरभरा आणि गहू पाण्याची वाट पाहत असतात, आणि कृषिपंपाच्या विजेची पाळी रात्रीची असेल तर ओलिताला थंडीतच जावे लागते. कापूस वेचणाऱ्या बाईची मजुरी किलोवर ठरते. सकाळच्या दवाने ओला कापूस वेचता येत नाही, म्हणून दिवस आधीच आखूड; त्यात जितके वेचले तितके पैसे. या हिशेबात सुटीला जागाच नाही. रोजंदारीत निदान 'रोज' असतो, म्हणून त्याचा खाडा तरी मोजता येतो. किलोवरच्या कामात दिवस हे मापच पुसले गेलेले असते. नाताळ तिचा की परका, हे तिला विचारून पाहावे. तिला आधी रविवारच मिळालेला नाही.

'पण शेतकऱ्याला सण-वार काय कमी आहेत?' असे यावर म्हटले जाईल. खरे आहे, आणि त्या सणांची जागा नीट पाहण्यासारखी आहे. पोळा येतो तो पेरणी-डवरणीची घाई ओसरल्यावर. आषाढीची वारी निघते ती पेरणीच्या आगेमागे. मानोरा तालुक्यातच पोहरादेवी आहे. संत सेवालाल महाराजांची समाधी तिथे आहे आणि बंजारा समाजाची मोठी यात्रा रामनवमीला, म्हणजे चैत्रात, रान मोकळे झाल्यावर भरते. शेतीच्या पंचांगाने माणसाचा विसावा कामाच्या खंडात बसवला होता. त्याला कोणाच्या संमतीची गरज नव्हती. वारीला निघालेला माणूस रजेचा अर्ज देत नाही. परंतु हे पंचांग ज्याच्या हाती स्वतःचे रान होते त्याचे होते. ज्याच्याकडे रानच नाही, त्याच्यासाठी कामाचा खंड म्हणजे विसावा नव्हे, चूल थंड असण्याचे दिवस. काम नसलेला दिवस आणि सुटीचा दिवस यांत जो फरक आहे, तो पगार घेणाऱ्यांना सहसा दिसत नाही. चैत्र-वैशाखात मजुराला काम नसते, तेव्हा तो 'रिकामा' असतो. शिक्षक त्याच काळात 'सुटीवर' असतो.

राज्यकर्त्यांनाही हा फरक दिसत नाही, किंवा दिसूनही सोयीचा नसतो. मनरेगाच्या जागी डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने जो नवा ग्रामीण रोजगार कायदा संमत केला, त्यात हमीचे दिवस १०० वरून १२५ झाले. त्याच कायद्यात पेरणी-कापणीच्या ऐन हंगामात वर्षाकाठी एकूण ६० दिवसांपर्यंत ही कामे बंद ठेवण्याची तरतूदही आहे. हेतू असा, की हंगामात शेतीला मजूर कमी पडू नयेत. कागदावर ही विश्रांती दिसते. प्रत्यक्षात मजुराला मालकाच्या दारी जाण्यावाचून दुसरा पर्याय उरू नये, अशी ती व्यवस्था आहे. काम थांबवण्याचा अधिकार इथे कायद्यात लिहिलेला आहे. फक्त तो काम करणाराच्या हाती नाही.

आणि जिथे खाडा पडूच द्यायचा नसतो, तिथे काय होते? मराठवाड्यातून ऊसतोडीला जाणारे जोडपे मुकादमाकडून उचल घेते. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरला जातो. त्यांतला एक बसला तर खाडा, आणि खाड्याला दंड. कारखान्यांचा गाळप हंगाम दिवाळीच्या सुमारास सुरू होऊन उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत चालतो. नाताळ त्याच्या ऐन मध्यावर येतो. २०१९ मध्ये डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीपुढे बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड महिलांच्या सर्वेक्षणाचे आकडे आले. त्यांतील १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली होती. यामागे एकच कारण नाही. उपचारांची आबाळ आहे, भीती घालणारे दवाखाने आहेत. परंतु महिन्यातले चार दिवस परवडत नाहीत, हेही त्या कारणांतले एक आहे. गर्भाशय काढले की खाडा पडत नाही. सुटीच्या संस्कृतीवर बोलणाऱ्या प्रत्येकाने हे वाक्य आपल्या मेजावर ठेवून मग बोलावे.

आता साहित्याकडे वळतो, कारण हे लिहिण्याचे खरे प्रयोजन तेच आहे. ना. सी. फडके, वि. स. खांडेकर, अनंत काणेकर यांच्या पिढीने मराठीत लघुनिबंध रुजवला. त्या प्रकाराचे गुण आपण वर्गात शिकवतो: आत्मनिष्ठा, खेळकरपणा, विषयाचे क्षुल्लकत्व. त्याच्या बुडाशी असलेली अट मात्र शिकवत नाही. लेखकाजवळ एक मोकळी दुपार आहे, आणि वाचकाजवळही आहे, ही ती अट. मोकळ्या दुपारीतून निघालेल्या अनुभवाला आपण 'सार्वत्रिक' म्हणतो. याउलट उद्धव शेळक्यांच्या 'धग'मध्ये (१९६०) कौतिकच्या कष्टांना खंड नाही, आणि सदानंद देशमुखांच्या कादंबरीचे तर नावच 'बारोमास' (२००२) आहे. बारा महिने हे निव्वळ कालमापन नव्हे. कोठेही सुटी नसलेल्या वर्षाचे ते नाव आहे. या कादंबऱ्यांना आपण 'ग्रामीण' किंवा 'प्रादेशिक' म्हणून वेगळ्या कप्प्यात ठेवतो आणि परीक्षेत विचारतो, वऱ्हाडी बोलीची वैशिष्ट्ये सोदाहरण लिहा. कौतिक किती दिवस बसली, हा प्रश्न कोणी विचारत नाही. बोली ऐकायची आणि बोलणारीचा दिवस मोजायचा नाही, ही समीक्षा नव्हे, ही हुरडा पार्टी आहे. नाताळच्या सुटीत शहरातली कुटुंबे शेतावर येतात, चुलीवरची भाकरी खातात आणि कोणाच्या तरी कामाच्या जागेला 'निवांत ठिकाण' म्हणून परततात. आपण ग्रामीण कादंबरीशी फार वेगळे वागत नाही.

यावरचे दोन आक्षेप मला ऐकू येतात. पहिला संतांच्या नावाने येतो. सावता माळ्याला मळ्यातच विठ्ठल भेटला. कष्ट हीच ज्याची पूजा, त्याला सुटी कशाला? या आक्षेपात सावता महाराजांवर मोठा अन्याय आहे. मळा त्यांचा होता आणि पूजाही त्यांची होती. दुसऱ्याच्या मळ्यात किलोवर काम करणारीला तीच पूजा सांगणे ही भक्ती नव्हे, मुकादमगिरी आहे. दुसरा आक्षेप अधिक घरगुती आहे: म्हणजे आता आम्ही आमचीही सुटी सोडायची काय? मुळीच नाही. लोखंड्यांनी मालकाचा रविवार काढून घेतला नाही, कामगाराला रविवार मिळवून दिला. ज्याच्याकडे आहे त्याने लाजून ती टाकून दिल्याने इंझोरीच्या कोणत्याही बाईला अर्धा दिवसही मिळणार नाही.

आणि लाजायचेच असेल तर इतके दूर जाण्याचीही गरज नाही. आपल्याच महाविद्यालयांच्या अध्यापक कक्षात पाहावे. तिथे पूर्णवेळ प्राध्यापकांच्या शेजारी तासिका तत्त्वावर शिकवणारे बसतात. तोच पाठ्यक्रम, तोच वर्ग, तीच 'धग'. एकाला नाताळची सुटी लागते, तेव्हा दुसऱ्याच्या तासिका बुडतात. तासिका नाही तर मानधन नाही. फलकावर एकच सूचना लागते, 'महाविद्यालयास सुटी राहील', आणि ती वाचणाऱ्या दोघांपैकी एकासाठी तिचा अर्थ खाडा असतो. नेट-सेट झालेला, पीएच.डी. असलेला हा माणूस आणि पऱ्हाटीत वाकलेली ती बाई यांच्या मजुरीचे माप एकाच जातीचे आहे: एकीचे किलो, दुसऱ्याचे तास. मराठीच्या विभागांना हे साम्य दिसले नाही, तर मग साम्य दाखवणारी उपमा आपण शिकवतो तरी कशाला?

कारखान्यातल्या कामगाराला १९४८ च्या कायद्याने वर्षात २४० दिवस भरल्यावर दर २० दिवसांमागे एक पगारी रजा दिली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या श्रमसंहितेने ती अट १८० दिवसांवर आणली. परंतु जी बाई एका हंगामात दहा जणांच्या वावरात जाते, तिचे १८० दिवस कोणाच्या वहीत भरणार? खरा प्रश्न हा आहे आणि तो तारखेचा नाही. वेचणीच्या दरात आठवड्याच्या एका बसल्या दिवसाचे पैसे धरले जावेत. ऊसतोडीच्या करारातून खाड्याचा दंड जावा. तासिकेच्या मानधनात सुट्यांचा हिस्सा असावा. हे तीन बदल झाले, तर नाताळ आपला की परका, यावर ज्याला भांडायचे त्याने खुशाल भांडावे. निदान भांडण ऐकायला सगळे घरी असतील.

तोवर साहित्याच्या माणसांनी आपल्या हातातले तरी करावे. येत्या सत्रात 'बारोमास' किंवा 'धग' शिकवताना बोलीवरचा प्रश्न एकदा बाजूला ठेवावा आणि मुलांना एवढेच काम द्यावे: या कादंबरीत कोण, कधी, किती वेळ बसले आहे, आणि त्या बसण्याची किंमत कोणी दिली आहे, ते पानापानांतून शोधून काढा. ही यादी फार मोठी होणार नाही. पण ती वर्गात मोठ्याने वाचली गेली, की ऐकणाऱ्यांतली काही मुले आपल्या आईकडे पाहून तिच्यात भर घालू शकतील.